एक मन, अनेक सर्व्हर

रिमोट डेस्कटॉपवरून दूरचा सर्व्हर चालवणारा माणूस त्या क्षणी नेमका कुठे असतो? विंडोजच्या या सोयीत इकडून कळांचे ठोके आणि माउसच्या हालचाली जातात, तिकडून पडद्याचे चित्र येते. देह खुर्चीत, कृती परगावी. अशा वीस जोडण्या एकाच पडद्यावर उघडल्या की एक कर्ता आणि अनेक देह हा जुना पेच समोर येतो, आणि जोडण्यांची मांडणी कशी असावी हे त्या पेचाच्या उत्तरावर ठरते.

योगसूत्रांच्या कैवल्यपादात हा विचार आला आहे. योग्याने अनेक देह निर्माण केले तर त्यांची चित्ते अनेक असतात, पण त्या सर्वांना प्रवृत्त करणारे चित्त एकच, असा तिथला निर्णय. नैयायिकांच्या मते मन अणू आहे, म्हणून एका क्षणी एकच ज्ञान होते. तेही योग्याला अनेक देहांची मुभा देतात. सामान्य माणसाला देत नाहीत. सिस्टिम ॲडमिनची पंचाईत अशी की देह योग्याएवढे आणि मन मात्र अणुएवढे.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत हेच घडले. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची एक डिरेक्टरी रिकामी करायची होती. अभियंत्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे 300 जीबींपैकी साडेचार जीबीच उरले होते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथे रिमोट डेस्कटॉप नव्हता, साधे टर्मिनल होते; पण कर्ता कुठे आहे हा घोळ तोच. नंतरच्या उपायांत टर्मिनलवर सर्व्हरची ओळख ठळक दिसावी, असाही एक होता.

तेव्हा जागेचे भान मनाच्या भरवशावर न सोडता पडद्यावर मांडणे हेच मांडणीचे पहिले काम. चाचणीचे आणि प्रत्यक्ष वापरातले सर्व्हर वेगळ्या गटांत ठेवावेत, नावातच काम आणि ठिकाण यावे. बीजीइन्फो हे छोटे साधन सर्व्हरचे नाव त्याच्याच वॉलपेपरवर लिहून ठेवते. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण उपयोगाला फार मोलाचे.

अशा जोडण्या एकत्र सांभाळणाऱ्या आरडीसीमॅन किंवा एमरिमोटएनजीसारख्या साधनांत गटाला दिलेले खाते आणि पासवर्ड खालच्या सर्व सर्व्हरांना वारशाने देता येतात. सोय मोठी, जोखीमही तेवढीच: हे सारे ज्या फाइलमध्ये साठवले जाते ती एक हाती लागली की सगळे देह हाती लागण्याचा धोका. आरडीसीमॅन 2020 मध्ये सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने मागे घेतले आणि 2021 मध्ये आपल्याच सिसइंटर्नल्स या साधनसंचामार्फत पुन्हा दिले.

कर्तेपणाचा प्रश्न सर्व्हरच्या बाजूनेही आहे. विष्णुपुराणातल्या सौभरी ऋषींनी मांधात्याच्या पन्नास कन्यांशी विवाह केला, आणि पती सदैव आपल्याजवळच असतो असे प्रत्येकीने पित्याला सांगितले. प्रत्येक सर्व्हरची नोंदवहीही असेच ठामपणे सांगते, पण ती सांगते ते खात्याचे नाव. पाच जण एकच ॲडमिनिस्ट्रेटर खाते वापरत असतील तर कर्म नोंदले जाते, कर्ता नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देण्यामागे संशयापेक्षा हे कारण मोठे.

राहिला देह सोडण्याचा विधी. खिडकी बंद केली म्हणजे निघून आलो, हा नवख्यांचा हमखास गैरसमज. त्याने जोडणी तुटते, सेशन सर्व्हरवर चालूच राहते. उघडे प्रोग्रॅम मेमरी अडवून बसतात. खरे निघायचे तर साइन आउटच करावे लागते. विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी एरवी एका वेळी दोनच चालू सेशन मिळतात; जुन्या आवृत्त्यांत तर अशी दोन सेशने मागे राहिली की ऐन अडचणीत तिसऱ्याला आत जागा नसे. तुटलेले सेशन ठरावीक वेळाने आपोआप संपावे, अशी मर्यादा ग्रुप पॉलिसीत घालता येते. रात्रभर चालणारे एखादे काम मात्र त्या मर्यादेत अर्ध्यावर मरते, म्हणून ते सेशनमध्ये न ठेवता टास्क शेड्युलरकडे सोपवतात.