सिंधुबंदी आणि परदेशी विद्यार्थ्याचा आचार

शिक्षणासाठी समुद्र ओलांडलेल्या माणसाचा धर्म राहतो की जातो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात नुसत्या वादाचा नव्हता. परतल्यावर वाळीत पडण्याची भीती खरी होती. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनीय कर्मांत घातला आणि त्यावर तीन वर्षांचे कठोर प्रायश्चित्त सांगितले. पुढे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या कृत्यांची, म्हणजे कलिवर्ज्यांची, यादी रूढ झाली, तेव्हा तीही वाट बंद झाली: समुद्रापार जाऊन आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असे ठरले. मनुस्मृतीत समुद्रयात्रा करणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे. त्याच ग्रंथात सागरी प्रवासाची जाण असलेल्यांनी ठरवलेले व्याज प्रमाण मानले आहे. म्हणजे अडचण पाण्याची कमी आणि पंक्तीची जास्त. बोटीवर कोणाच्या हातचे खायचे, संध्या कुठे करायची, सोवळे कसे सांभाळायचे, हे खरे मुद्दे होते.

ज्या मुलखात हा निषेध पाळला गेला, तो मुळात दर्यावर्दी. कल्याणजवळच्या खडवलीपाशी वाहणारी भातसा नदी काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हासचे पाणी खाडीवाटे समुद्राला जाते. उल्हासकाठचे कल्याण हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. ते दाते बौद्ध संघाचे उपासक होते. त्यांना सिंधुबंदीचा प्रश्न पडला नसावा.

त्याच कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७), वैद्यक शिकायला अमेरिकेस निघाल्या. पती गोपाळराव टपाल खात्यात असल्याने बिऱ्हाड तेव्हा बंगालात, श्रीरामपूरला होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांनी लोकांच्या शंका एकेक करून घेतल्या. एकटी का जाता, परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, हे त्यांतले प्रश्न. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीस न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरच्यासारखे सांभाळले; आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जे केले, ते धर्मशास्त्राच्या चर्चेपेक्षा बोलके आहे. तिथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. शाकाहार मात्र सोडला नाही, कुंकूही सोडले नाही. नेसण बदलले तरी चालेल, ताटातले बदललेले चालणार नाही, ही रेघ कोणत्याही पोथीतून आलेली नव्हती. ती त्यांनी स्वतः ओढली होती. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. वर्ष संपायच्या आत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. परक्या देशातला अपुरा आहार भोवला, असे पुष्कळदा म्हटले जाते. आहाराने अशक्तपणा वाढला असेल; पण सारे खापर त्याच्यावर फोडणे हा धर्मनिष्ठेवर नंतर लादलेला हिशेब आहे.

आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरीही त्या शाकाहारीच राहिल्या. एकीने श्रद्धा राखून नेसण बदलले, दुसरीने श्रद्धा बदलून ताट राखले. आचार आणि श्रद्धा एकमेकींना बांधलेल्या असतातच असे नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. मोहनदास गांधींचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे. १८८८ साली विलायतेस निघताना मुंबईतल्या त्यांच्या जातीने त्यांना बहिष्कृत केले. परतल्यावर, १८९१ मध्ये, थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले. एवढे करूनही जातीतल्या एका तटाने त्यांना परत घेतले नाही.

आज विद्यार्थी-विनिमयासाठी कल्याण-डोंबिवलीहून परदेशी जाणाऱ्याला प्रायश्चित्त कोणी विचारत नाही. देश-काळाचा प्रश्न मात्र उरतो. तिथी सूर्योदयावर आणि संकष्टी चंद्रोदयावर ठरते, त्यामुळे इथली दिनदर्शिका तिथे जशीच्या तशी चालत नाही. अमेरिकेत एकादशी कधी इथल्याच्या आदल्या तारखेस येते. पूजेच्या संकल्पात कर्ता कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसला आहे, हे उच्चारावे लागते. खडवलीत बसलेला यजमान जंबुद्वीप, भरतवर्ष आणि गोदावरीचा दक्षिण तीर सांगतो. अमेरिकेतल्या पुरोहितांनी यावर पुराणांतूनच उपाय काढला. तिथे अनेक जण क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात. त्या भूगोलाची आजच्या नकाशाशी जुळणी होत नाही, पण परभूमीवर बसून धर्मकृत्य करता येते हे त्यात गृहीत धरलेले आहे. कलिवर्ज्याचे वचन निबंधग्रंथांत आजही छापलेले आहे. व्यवहारात ते मेले आहे.