उसनवारीचा धर्म

उसनं देणं-घेणं ही घरगुती बाब आहे, तिचा नीतीशी फारसा संबंध नाही, असं आपण समजतो. पण कुरआनातल्या एका छोट्या सूरेचं नावच 'माऊन' आहे. माऊन म्हणजे शेजाऱ्याने मागितली तर द्यावी अशी रोजच्या वापरातली वस्तू : भांडं, बादली, कुऱ्हाड, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी केला आहे. ती नाकारणाऱ्यांचा त्या सूरेत निषेध आहे. करमणुकीच्या साधनांचा इतिहास या कसोटीवर पाहायला हवा.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे व्हीसीआर आला, १९८२ साली सीडी आली. ही साधनं महाग होती, म्हणूनच ती वाटून वापरली जात. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओटीवर मोहल्ला. व्हीसीआर वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्याने यायचा. कव्वालीची कॅसेट शेजारी गेली की ती परत येईपर्यंत देणाऱ्याच्या घरी ती कव्वाली ऐकू येत नसे. उसनं देणाऱ्याचा हात काही काळ रिकामा होतो. दानत आहे ती त्या रिकामेपणात.

मग नक्कल सोपी झाली. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेला कामगार मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून घेऊ लागला. त्याची घराची आठवण खरी होती. पण या व्यवहाराला उसनवारी म्हणता येणार नाही. इथे देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. कमी होतं ते गायकाचं, वादकाचं, गीतकाराचं. दुसऱ्याच्या खिशातून केलेली ही खैरात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, तीही अशा चोरीला आळा घालण्यासाठीच.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा असा की, वस्तू विकायचीच नाही, फक्त वापरण्याची परवानगी द्यायची. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले. पण विकत घेतलेलं पुस्तक आपलं नसतं, हे लोकांना कळलं. २०२३ साली नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर बंदी घातली. चोरी थांबावी हे रास्तच. पण चोराबरोबर शेजारीही दाराबाहेर राहिला.

कुणी म्हणेल, २०१६ साली जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, प्रत्येकाच्या हाती फोन आला. आता मागायची गरजच काय? याचं उत्तर २०२० च्या टाळेबंदीने दिलं. शाळा बंद झाल्या, धडे व्हॉट्सॲपवर येऊ लागले. पुढे कारखाने सुरू झाले, शाळा मात्र बंदच होत्या. बोईसरच्या चाळींत कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो पाळीवर गेलेल्या बापाच्या खिशात. शेजारणीकडे फोन होता. पण त्यातच बँक, ओटीपी, घरच्यांचे फोटो, खासगी बोलणी. तो दुसऱ्याच्या मुलाच्या हाती ती कशी देणार? ती कंजूष नव्हती. वस्तूच अशी घडवली गेली आहे की ती कुणाला देता येऊ नये. पूर्वी माणूस नकार द्यायचा, तेव्हा त्याला जाब विचारता येत होता. आता वस्तूच नकार देते आणि आपलं मन निर्धास्त राहतं.

हे निर्धास्तपण मला घातक वाटतं. शिक्षक म्हणून मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगते : कलावंताचं हिरावून घेऊ नका, आणि आपलं अडवून ठेवू नका. बहुतेक घरांत एखादा जुना फोन कपाटात पडून असतो. तो पुसून कोरा करावा, त्यात फक्त धडे आणि पुस्तकं ठेवावीत, वहीत नाव लिहून तो वर्गातल्या गरजू मुलाला घरी न्यायला द्यावा, दुसऱ्या दिवशी परत घ्यावा. यासाठी नवा शोध लागत नाही. यंत्रात नसलेली दानत माणसालाच त्यात घालावी लागते, एवढंच.