राहणारा आणि वाटेकरी

लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या खोल्या असत. भाडेपावतीवर नाव एकाचं आणि दोरीवर कपडे पंचवीस-तीस जणांचे. आजरा-चंदगडकडचा किंवा लांजा-संगमेश्वरकडचा पोरगा नोकरीच्या शोधात मुंबईत उतरला, की पत्ता विचारत सरळ तिथे यायचा. गाव आणि वाडी सांगितली की पुरे, चिठ्ठीचपाटी कोणी मागत नसे. ट्रंका भिंतीला लावलेल्या, वळकट्या फळीवर. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून झोपही पाळ्यांत वाटून घेतलेली. जेवण खानावळीत, वर्गणी दरमहा, हिशोबाची वही एकाकडे. बैठकीत गावच्या देवळाच्या पत्र्यांपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळ्याची चर्चा. गोव्याच्या लोकांनी हीच रीत धोबी तलाव, माझगाव भागातल्या कुडांमध्ये जरा अधिक शिस्तीने पाळली. गावागणिक कूड वेगळा, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची प्रार्थना, आणि दोन बोटींच्या मधल्या काळात मुक्कामाला आलेले तारवटी, म्हणजे खलाशी.

खोली कोणाची, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडत नसे. इमारत घरमालकाची, पावती एखाद्या म्हाताऱ्या गाववाल्याची, आणि खोली त्या महिन्यात तिथे जो पाठ टेकतो त्याची.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गिरणगावाचं काय झालं हे समजून घ्यायला मला ही खोली गिरणीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. गिरण्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशोब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरवला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एवढी मोठी जमीन एका वस्तीच्या मधोमध मोकळी होत असताना वस्तीच्या वाट्याला मॉल, कचेऱ्या आणि स्टेशनावरची गर्दी आली. ती गर्दी जुन्याच अरुंद पुलावरून जात राहिली आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. या सगळ्यात दोषी कोण हे बोट दाखवून सांगता येतं. पण ही गोष्ट गिरणीच्या कुंपणाच्या आतली. कुंपणाबाहेर, चाळींत जे घडलं त्यात बोट दाखवायला माणूस सापडत नाही. म्हणूनच ते लिहिलंही कमी गेलं.

इतर शहरांत असा माणूस सापडतो. १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग कसा शिरतो याचं वर्णन केलं. भाडेकराराची मुदत संपते, घराची डागडुजी होते, किंमत चढते, जुना भाडेकरू बाहेर. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी कुटुंबांचं बऱ्याच अंशी असंच झालं. तिथे १९८५ चा एलिस कायदा घरमालकाला ‘मी भाड्याचा धंदाच बंद करतो’ असं म्हणून सगळ्या भाडेकरूंना काढायची मुभा देतो. या साऱ्या वर्णनांत एक घर सोडायला लावणारा असतो आणि एक सोडावं लागणारा.

मुंबईत तसं सहज होऊ शकलं नसतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बरीचशी भाडी १९४० च्या पातळीला खिळून ठेवली. मालकाला भाडं वाढवता येईना, भाडेकरूला काढता येईना, मग त्याने इमारतीकडे बघणंच सोडलं. जिने खचू लागले, सज्जे टेकूवर उभे राहिले. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर बसला, आणि पुढे पुनर्विकास. त्याचा सौदा असा: बिल्डरला जास्तीचा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, त्यातून त्याने टॉवर बांधून विकायचा, आणि त्या बदल्यात त्याच जागेवर जुन्या भाडेकरूला फुकट फ्लॅट द्यायचा, तोही मालकी हक्काने. म्हणजे ज्याला लंडनमध्ये बाहेर काढलं, त्याला परळमध्ये मालक केलं. बीडीडी चाळींत तर १६० चौरस फुटांच्या खोलीला ५०० चौरस फुटांचं घर ठरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. कागदावर याहून सभ्य व्यवस्था सुचवणं कठीण आहे.

आता एखाद्या जुन्या पुनर्वसन इमारतीत, जिथे लोक राहायला येऊन दहा-पंधरा वर्षं झाली आहेत, लिफ्टजवळच्या पाटीवरची नावं वाचावीत. सावंत, पाटील, कदम, शिंदे यांच्यामध्ये नवी आडनावं पेरली गेलेली दिसतात. जुन्यांपैकी काही दारांवर आडनाव तेच आहे, पण आत भाडेकरू राहतो. मालक विरारला, बदलापूरला, किंवा गावी बांधलेल्या घरात. कोणी हाकललं नाही. फुकट घर मिळालं, आणि तरीही माणसं गेली.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे मेंटेनन्स. ते खोटं नाही. चाळीचं भाडं महिन्याला काही दहा-वीस रुपयांत मोजलं जाई. नव्या इमारतीत दोन-तीन लिफ्ट, पंप, अग्निशमनाची यंत्रणा, पहारेकरी. बिल्डरने दिलेल्या कॉर्पसच्या व्याजावर हे भागेल असं करार करताना सांगतात. बँकेचं व्याज उतरतं, लिफ्टचा खर्च चढतो, आणि पेन्शन नसलेल्या घरात दर महिन्याला ती पावती खुपू लागते. पण नुसत्या मेंटेनन्सपायी घर विकणारी कुटुंबं मला कमीच वाटतात. माणसं त्यासाठी पोटाला चिमटा घेतात. घर विकलं जातं ते बहुधा म्हातारा-म्हातारी गेल्यानंतर.

इथे एक कायद्याची बारीक गोष्ट आहे, आणि सारं गिरणगाव तिच्यावर फिरतं असं मला वाटतं. भाडे नियंत्रण कायद्यात, १९४७ च्या आणि १९९९ च्याही, भाडेकरू वारल्यावर हक्क आधी जातो तो त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. कायदा विचारतो, त्या वेळी तिथे राहत कोण होतं? डोंबिवलीला बिऱ्हाड केलेला थोरला, गावी शेती बघणारा मधला, लग्न होऊन गेलेली बहीण, हे तिथे राहत नव्हते. खोली धाकट्याची, कारण तो आईबापांबरोबर त्या खोलीत होता. तीच खोली मालकीचा फ्लॅट झाली की वारसा कायदा वेगळं विचारतो: मूल किती? मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलामुलींचे वाटे सारखे, राहणारा असो की नसो.

एकाच कुटुंबाचं, एकाच जागेवरचं घर, पण प्रश्न बदलला. चारशे चौरस फुटांचे चार वाटे भिंती घालून होत नाहीत, पैशातच होतात. परळमध्ये कोटीची भाषा बोलली जाते. धाकटा खाजगी कचेरीत शिपाई किंवा दुकानात सेल्समन, तिघांचे वाटे विकत घेणं त्याच्या सात जन्मांत शक्य नाही. मग घर विकतात, चौघं पैसे घेतात आणि धाकटाही बदलापूरच्या गाडीत बसतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. भांडणही दरवेळी होतं असं नाही.

चाळीतली खोली विकली जात नव्हती असं मात्र समजू नये. पागडीवर हस्तांतर होई, मालक आपला हिस्सा घेई. पण सामाईक संडास आणि पाण्याची वेळ सांभाळत राहायला येणारा गिऱ्हाईकही साधारण त्याच थरातला, पुष्कळदा गाववालाच असे. श्रीमंत माणसाला त्या खोलीची किंमत नव्हती. फ्लॅटला घरातलं संडास-बाथरूम आणि लिफ्ट मिळाली तेव्हा पहिल्यांदा त्याला तिथे राहावंसं वाटलं.

आणि गावाची खोली? तिचा तर या व्यवस्थेत रकानाच नाही. पुनर्विकासाच्या यादीत पावतीवरचं नाव धरतात. ज्या म्हाताऱ्याच्या नावावर गावाने विश्वासाने पावती ठेवली, तो गेलेला असतो, आणि त्याच्या मुलाला खरंच वाटतं की ही आपल्या वडिलांची खोली. त्याच्या हातात कागद आहे. गावाच्या हातात वर्गणीच्या वह्या. पाळीपाळीने तिथे झोपून गेलेल्या माणसांना पात्र ठरवायचं कसं, हे कोणत्याही अधिकाऱ्याला सांगता येणार नाही. मुंबईत येणाऱ्या नव्या पोराला फुकटात मिळणारी पहिली पायरी होती ती. ती गेल्याचं कुठल्याच आकडेवारीत येत नाही, कारण पात्र कुटुंब म्हणून तिची नोंदच कधी झाली नव्हती.

एवढं लिहिल्यावर मला थांबून दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर हे चाळीचे गोडवे गाणं होईल. गावाची खोली पुरुषांची होती. बायका गावी शेत राखत, मनीऑर्डरची वाट बघत. ज्या मुंबईत आल्या त्यांतल्या कित्येकींनी खानावळी चालवून कामगारांना जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचं दार दिसलं. आपुलकीच्या सीमाही आखलेल्या होत्या. दलित कामगाराला गिरणीच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. राहण्याच्या जागाही बऱ्याच अंशी जातवार होत्या. आणि ज्या बाईने पन्नास वर्षं पहाटे डबा घेऊन रांग लावली तिला गॅलरीतल्या शेजारधर्माची महती सांगायला जाऊ नये. ती स्वतःच्या संडासाला आतून कडी लावताना जे सुख अनुभवते ते तिनेच कमावलेलं आहे.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं तर याहून अवघड आहे. भाडेकरूच्या कायद्यात तिला काही मिळत नव्हतं, कारण ती राहत नव्हती. राहत नव्हती, कारण तिला सासरी पाठवलं होतं. मालकी आली तेव्हा प्रथमच बापाच्या घरात तिचा आकडा लागला. भाऊ म्हणतात, हक्कसोड दे, घर राहील. ती विचारते, घर राहील म्हणजे कोणाचं? माझ्याकडे याला उत्तर नाही. जो हक्क वस्ती मोडतो तोच हक्क तिला न्याय देतो, आणि यातलं एक घेऊन दुसरं टाळायची सोय मला दिसत नाही.

गिरणी कामगारांना घरं देण्याचं प्रकरण याच्या तुलनेत सोपं वाटतं. सुमारे दीड लाख अर्ज आले, मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीवर २२५ चौरस फुटांची काही हजार घरं झाली, आणि उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे बोट दाखवलं गेलं. तिथे निदान मोर्चा कोणावर काढायचा हे ठाऊक असतं.

पुनर्वसनाच्या घरांतून माणसांचं हे गळणं सरकारला कळत नाही असं नाही. अशा घरांवर काही वर्षं विक्रीबंदी घालतात. पण बंदीने जाणं लांबतं, थांबत नाही. मुदत संपेपर्यंत म्हातारी माणसं धरून राहतात, मग तेच होतं. थांबवायचं असेल तर धाकट्याला बहिणीचा वाटा बाजारभावाने विकत घेता आला पाहिजे, किंवा त्याच्या वतीने कोणी घेतला पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये असा नियम केला की भाड्याची इमारत विकायला निघाली तर ना-नफा गृहसंस्थांना ती घ्यायची पहिली संधी द्यावी. परळच्या सोसायटीला ही युक्ती परकी नाही. घर विकायचं तर आधी सोसायटीला विचारायचं, सोसायटीने पूर्ण भाव द्यायचा, आणि ते घर केईएम रुग्णालयातल्या परिचारिकेला किंवा बाजारात मासे विकणाऱ्या बाईला परवडेल अशा भाड्याने द्यायचं. आजोबांच्या पिढीने गावाच्या नावाने एक खोली धरून ठेवली होती, तेच आता कायद्याच्या भाषेत.

पैसा कुठून, हा खरा मुद्दा. तो टॉवरमधून यायला हवा. आज बिल्डर लिफ्टसाठी कॉर्पस देतो. वाटे विकत घ्यायला दुसरा कॉर्पस मागता येईल. निदान मागायला हरकत नाही. पण बिल्डरशी बोलणी चालतात तेव्हा वीस-पंचवीस फूट कार्पेट जास्त मिळवण्यात वर्ष जातं, मग ट्रान्झिटच्या भाड्यावर, मग पार्किंगवर. दुसऱ्या कॉर्पसची मागणी यादीत येत नाही. सोसायटीच्या समितीतल्या बऱ्याच जणांची मुलं तोवर डोंबिवलीला राहायला गेलेली असतात आणि आपला वाटा किती बसतो ते फोनवरून विचारत असतात.