ढोलकपुरातला न्याय

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक यादी फिरू लागते. गंगापूर रोडकडच्या गटांत ती असते, सिडकोतल्या गटांतही असते. मुलांना कोणती कार्टून दाखवावीत आणि कोणती अजिबात दाखवू नयेत, याची ती यादी. शिन-चान नको, तो उद्धट आहे. डोरेमॉन नको, नोबिता अभ्यास करत नाही. टॉम अँड जेरीत नुसती मारामारी. छोटा भीम चालेल, तो आपला आहे, शूर आहे. प्रत्येक नावापुढे एका ओळीचं कारण असतं आणि ते नेहमी एकाच जातीचं असतं: पडद्यावरचं पात्र अमुक करतं, म्हणून आपलं मूलही तेच करेल.

या काळजीला मी हसत नाही. पाच-सहा वर्षांचं मूल आईला उलट उत्तर देताना शिन-चानचा आवाज काढतं, हे ज्यांनी घरात ऐकलं आहे त्यांच्यापुढे नकलेबद्दल शंका काढणं व्यर्थ आहे. मूल नक्कल करतंच. पण नक्कल डोळ्यांना दिसते, म्हणून सगळी तपासणी तिच्यापाशीच थांबते. चापट्या किती, वाईट शब्द किती, खोटं बोलणं कितीदा, हे मोजलं की मालिकेचा निकाल लागला असं आपण समजतो. कायदाही असाच चालतो. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांतली कार्यक्रम-संहिता सांगते की मुलांच्या कार्यक्रमांत असभ्य भाषा आणि हिंसेची उघड दृश्यं नसावीत. पालकांच्या तक्रारींनंतर 2008 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने शिन-चानचं प्रसारण थांबवलं आणि पुढे काटछाट होऊन मालिका परत आली, तीही याच हिशेबाने. सरकारला जे मोजता येतं तेच धरावं लागतं, हे मी समजू शकतो. आईवडिलांवर मात्र तशी सक्ती नाही. त्यांना मुलाशेजारी बसून एक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येतो.

ही मोजपट्टी आपल्याच पूज्य गोष्टींना लावून बघावी. साने गुरुजींनी 1933 मध्ये याच नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात विहिरीत पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने झोडपते. व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी करणाऱ्याने हे प्रकरण कार्टून म्हणून पाहिलं असतं, तर मुलाला मारहाण, सबब अयोग्य, असा शेरा मारला असता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशिकला स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे 1919 मध्ये ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात बाळकृष्ण लोणी चोरतो, मोठ्यांच्या खोड्या काढतो आणि पोरांची टोळी घेऊन घरात घुसतो. यादीच्या भाषेत हे चोरी आणि वडीलधाऱ्यांचा अवमान झालं. तरी शंभर वर्षांहून अधिक काळ आपण कृष्णाच्या खोड्या लहान मुलांना सांगत आलो आहोत. त्यात आपली चूक झाली असं मला वाटत नाही, आणि यादी पुढे पाठवणाऱ्यांनाही वाटत नसावं. मग फरक कुठे आहे?

माझ्या मते फरक वागणं आणि न्याय यांत आहे. पात्र काय करतं, हे त्याचं वागणं. ते केल्यावर त्या गोष्टीतलं जग त्याच्याशी कसं वागतं, कुणाला माफी मिळते, कुणाचं हसं होतं, कुणाचं दुःख कॅमेरा थांबून बघतो आणि कुणाचं ओलांडून जातो, हा त्या गोष्टीचा न्याय. वागणं उघड असतं, त्यामुळे ते मुलालाही दिसतं. ते खोटं आहे, चित्रातलं आहे, हे त्याला बऱ्याच लवकर कळतं. न्याय कुणी बोलून दाखवत नाही. तो हवेसारखा सगळीकडे असतो, आणि जे कुणी बोलून दाखवलेलंच नाही त्याच्याशी मूल वाद घालू शकत नाही.

इथे नकलेचा मुद्दा मांडणारे हमखास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराचं नाव घेतात. 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने मुलांसमोर मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुलीला बडवायला लावलं. मुलांनीही मग ती बडवली. 1963 मध्ये चित्रफीत आणि कार्टूनसारखं दृश्य दाखवूनही तसंच घडलं. पालकांसमोरच्या भाषणांत गोष्ट इथेच संपते, आणि माझा खरा राग याच अर्ध्या गोष्टीवर आहे. कारण 1965 मध्ये त्याच बांडुराने चित्रफितीचे तीन शेवट केले. एकात बडवणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्यात त्याला रागावून मार दिला जातो, तिसऱ्यात काहीच होत नाही. कृती तिन्हींत तीच. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. बक्षीस पाहिलेली आणि काहीच न घडलेलं पाहिलेली मुलं जवळजवळ सारखीच वागली. म्हणजे, ‘काहीच होत नाही’ याचा अर्थ मुलांनी परवानगी असा लावला. नक्कल करून दाखवल्यास बक्षीस मिळेल, असं सांगितल्यावर तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारख्याच कृती करून दाखवल्या. म्हणजे कृती तिन्ही गटांना सारखीच पाठ होती. ती करायची की नाही, हे शेवटाने ठरवलं होतं. ज्या प्रयोगाच्या जोरावर वाईट वागणं मोजायला सांगतात, तोच प्रयोग शेवटाकडे बघायला सांगतो.

कुणी म्हणेल, मूल शेवटापर्यंत थांबत नाही, त्याच्या लक्षात फक्त मधली गंमत राहते. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत हे खरं आहे. गोष्टीचा धागा त्या वयात हातात राहत नाही. पण त्या वयात कोणती मालिका, हा प्रश्नच गैरलागू आहे. पडदा हवाच कशाला, एवढाच प्रश्न उरतो. पाच वर्षांचं मूल मात्र शेवटाच्या बाबतीत मोठ्यांहून काटेकोर असतं. त्याला गोष्ट सांगताना शेवट बदलून बघा.

शेवट याचा अर्थ उपदेश नव्हे. दूरदर्शनवर 1997 मध्ये आलेल्या ‘शक्तिमान’ची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भागाच्या अखेरीस शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या जात. हेतू प्रामाणिक होता. पण गोष्ट संपल्यावर जोडलेलं शहाणपण गोष्टीच्या बाहेर राहतं. गोष्टीच्या आत उडणाऱ्याला काही होत नसेल, तर मूल आतल्यावरच विश्वास ठेवतं.

आता त्याच यादीकडे परत बघितलं तर ती जवळपास उलटी होते. नोबिता आळशी आहे, रडका आहे, परीक्षेत नापास होतो. पण डोरेमॉनच्या पोटाच्या खिशातून निघालेलं प्रत्येक यंत्र तो लोभाने वापरतो आणि बहुतेक वेळा ते त्याच्याच अंगावर उलटतं. फुकट मिळालेली शक्ती टिकत नाही, हा त्या घराचा नियम आहे. आणि नोबिता हरला तरी त्याला कुणी टाकून देत नाही. डोरेमॉन खोलीत असतोच. याहून चांगला न्याय मी फारशा मालिकांत पाहिलेला नाही.

छोटा भीमच्या ढोलकपुरात काय होतं? 2008 मध्ये पोगोवर आलेल्या छोटा भीमने भारतीय कार्टूनला स्वतःचं गाव दिलं, हे मोठं काम आहे. पण त्या गावात बरोबर कोण, हे बहुधा जोर कुणाचा यावरून ठरतं, आणि जोर लाडूतून येतो. भीमचा प्रतिस्पर्धी कालिया कट करतो, मार खातो, त्याचं हसं होतं, दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा परत येतो. तो लठ्ठ आहे, खादाड आहे, गर्विष्ठ आहे; त्याला सुधारायला गोष्ट जागाच देत नाही, कारण उद्या हरायला तो लागणार आहे. आपल्या पुराणातला कालिया बघा. कृष्ण त्याच्या फण्यावर नाचतो, पण नागपत्नी विनवणी करतात तेव्हा त्याला सोडतो आणि समुद्राकडे जायला सांगतो. हरलेल्याला जगायला जागा मिळते. ‘मोटू पतलू’त इन्स्पेक्टर चिंगमच्या दाक्षिणात्य उच्चारांवर जो विनोद चालतो, त्याचा न्याय आणखी वाईट आहे: दुसऱ्या प्रांताच्या माणसाचं नुसतं बोलणं हसण्याजोगं आहे, हे तिथे आधीच ठरलेलं असतं. यात शिवी नाही, मारामारी नाही. कुठल्याच यादीला हे सापडणार नाही.

शिन-चानचा उद्धटपणा मला फारसा धोक्याचा वाटत नाही. त्याची आई मिसाए त्याच्या टाळूवर टेंगूळ आणते. त्या घरात आगाऊपणाची किंमत लगेच वसूल होते. हा न्याय कठोर आहे, मारण्याचाच आहे, तरी तो आहे. जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांतही ही मालिका वर्षानुवर्षं नकोशा कार्यक्रमांत वर राहिली, तीही बरीचशी भाषेमुळे. दोष दुसरीकडे आहे. पाच वर्षांचा मुलगा रस्त्यावरच्या तरुण मुलींना छेडतो, बापाचीही नजर तिकडेच असते, आणि त्या मुलींचं अवघडलेपण हा बहुतेक वेळा निव्वळ विनोद असतो. त्यांना काय वाटलं, हे बघायला गोष्ट थांबत नाही. कात्री उघड्या ढुंगणावर चालली, या विनोदावर पुरती चालली नाही. मूळ चित्रकथा 1990 मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. मोठा वाचक बापाला हसत होता. मूल बापाबरोबर हसतं.

हिंदी डबिंगमुळे मुलांची मराठी बिघडते, हा आक्षेप मी इथे घेत नाही. ती जबाबदारी घराची आहे. परदेशी ते वाईट आणि देशी ते चांगलं, याला उत्तर देण्याचीही गरज नाही.

सिनेमासाठी आता सात, तेरा आणि सोळा अशा वयाच्या पायऱ्या कायद्यात आल्या आहेत. त्यातली सातची पायरी मी घरात वापरीन. डोरेमॉन पाच वर्षांच्या मुलाने खुशाल बघावा. शिन-चान सातच्या आत नको, आणि नंतरही आई किंवा वडील शेजारी असताना, त्या मुलींबद्दल बोलत. छोटा भीम बघितल्यावर मुलाला विचारा, कालियाला उद्या खेळायला घ्यायचं का. मोटू पतलूचे जे भाग एखाद्याच्या उच्चारांवर चालतात, ते मी कोणत्याच वयाच्या मुलाला दाखवणार नाही. आणि ती यादी तुमच्या गटावर आली, तर पुढे पाठवण्याआधी तिच्यातल्या एका तरी मालिकेचे दोन भाग शेवटापर्यंत बघा.