बचाव आणि जबाबदारी

स्वतःविषयीचे असह्य सत्य मन ज्या युक्त्यांनी दूर ठेवते, त्यांची पद्धतशीर मांडणी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. दमन, प्रक्षेपण यांसारख्या या संरक्षणयंत्रणा केवळ मनोरुग्णांच्या नसतात. त्या आपल्या नित्य व्यवहाराचाही भाग असतात, हे आता सर्वमान्य आहे. परंतु त्यातून उद्भवणारा नैतिक प्रश्न शिल्लकच राहतो. यंत्रणा नेणिवेत चालत असेल, तर तिच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी माणसावर टाकता येईल काय?

या संदर्भात विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) पुन्हा वाचण्याजोगे आहे. सुखात्मे अयशस्वी वकील, पोंक्षे इंटर नापास, काशीकर दांपत्य निपुत्रिक. अभिरूप न्यायालयात ही मंडळी आपापल्या वैफल्याचा भार बेणारेबाईंवर टाकतात. हे प्रक्षेपणच होय. पण बेणारेबाईंचे सततचे हसणे, त्यांची थट्टा हाही एक बचावच आहे. तीही इतरांना बोचते. यंत्रणा म्हणून पाहिले, तर दोन्ही बचाव सारखेच वाटतात. फरक आहे तो किमतीचा. बाईंच्या हसण्याची किंमत मुख्यतः त्याच मोजतात. इतरांच्या बचावाला मात्र बळी लागतो.

तरीही 'त्यांना ते कळत नव्हते' ही सबब उरतेच. जे दडपायचे ते ओळखल्याखेरीज दडपता येत नाही, हा सार्त्र यांचा १९४३ मधील आक्षेप येथे उपयोगी पडतो. नाटकातच त्याला आधार सापडतो. खटला चालवताना या मंडळींना बाईंचे खरे आयुष्य हवे असते. खटला आटोपताच तो केवळ खेळ ठरतो. 'खरे' आणि 'खेळ' यांमध्ये सोयीनुसार ये-जा करणाऱ्याला त्यांतील सीमारेषा कोठेतरी ठाऊक असलीच पाहिजे. म्हणून यंत्रणा कशी जन्मली, याचा जाब माणसाला विचारता येत नसला, तरी समोरच्याची वेदना दिसू लागल्यावरही ती का चालू ठेवली, हा जाब विचारावाच लागतो.

हा निकष वाचकालाही लागू आहे. सुखात्मे-काशीकरांना दोषी ठरवताना आपल्याला जे समाधान लाभते, ते निव्वळ न्यायबुद्धीचे असते काय? आपणही आपला काही भार त्यांच्यावर टाकून मोकळे होत नाही ना, हे तपासल्याखेरीज या नाटकाचे वाचन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.