सव्वादोन सेंटिमीटरचा प्रश्न

खोटे नेमके किती इंचांपासून सुरू होते? कॉमर्सच्या पुस्तकांत हे दिलेले नव्हते आणि तत्त्वज्ञानाच्या वाटेला मी कधी गेलो नाही. पण आमच्या जुन्नरच्या घरात सध्या हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर पोट फाडून पडलेला असतो.

त्याचे असे आहे, की आमच्या भाच्याने (वय चोवीस, लग्नाचा विषय काढू देत नाही) रेडिओवर चालणारा खेळण्यातला रणगाडा आणला आहे. खोक्यावर छापलेय : सेंच्युरियन, प्रमाण 1:16. आता खरा सेंच्युरियन साधारण 3 मीटर उंच. भागिले सोळा, म्हणजे पावणेएकोणीस सेंटिमीटर. हा भरला एकवीस! आत मोटर आणि बॅटरी मावावी म्हणून कारखानदाराने त्याला बिनदिक्कत ढेरी दिलेली. झाले! भाच्याने करवत काढली. पोट कापले, लठ्ठ बॅटरी काढून चपटी लिथियमची बसवली, चाकांचे दांडे बदलले आणि आता सांध्यांत लांबी भरून कानस मारत बसला आहे.

"अरे, सव्वादोन सेंटिमीटर! कोणाला कळणार आहे?" मी म्हटले.

"मामा, सोळाने गुणा. खऱ्यात ते 36 सेंटिमीटर होतात. दीड वीत जास्त उंच रणगाडा शत्रूला आधी दिसतो."

दहा पैशांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत लेजरे उलटीपालटी केलेला माणूस यावर काय बोलणार?

तरी शंका उरतेच. दिवाळीत आमच्या आळीतली पोरे मातीचा शिवनेरी करतात. महाराज बुरुजाहून उंच, मावळा दरवाजात मावत नाही, पायथ्याला हळिवाचे शेत आणि शेतात वाघ. खरा शिवनेरी समोर दिसत असतो, पण पोरे खोटे बोलतात असे कोणी म्हणत नाही. मग त्या कारखानदारानेच काय घोडे मारले?

जपानच्या तामिया कंपनीची गोष्ट घ्या. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचे खेळणे काढले. आकार ठरवला तो आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. मागाहून मोजले, तर प्रमाण निघाले 1:35 च्या आसपास. तेच त्यांनी पुढे धरले आणि आज जगभर ते प्रमाण चालते. म्हणजे बॅटरीपुढे मान तुकवणे हे काही पाप नव्हे. त्यांनी आधी मोजले, मग आकडा सांगितला. पोरांनी तर आकडाच सांगितलेला नाही. आमच्या खोक्याने मात्र आकडा आधी छापला आणि माल दुसराच भरला.

हा प्रकार मी काउंटरवर रोज पाहतो. चेकवर अंकी एक, अक्षरी दुसरेच. 1881 चा कायदा सांगतो की अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरावी. खोक्यावर अंकी आहे 1:16, अक्षरी आहे 'सेंच्युरियन'. आणि ते अक्षर वटवावे लागते, कारण त्यामागे माणसे आहेत. त्या लोखंडी पेटीत चौघे बसत. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला सेंच्युरियन न सोडता लढत राहिले, ते त्यातच गेले. वय एकवीस. परमवीरचक्र मरणोत्तर. त्यांचा 'फामागुस्ता' रणगाडा अहिल्यानगरच्या लष्करी केंद्रात जपून ठेवलेला आहे. ती पेटी किती अरुंद होती आणि शत्रूला किती दिसत होती, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने सव्वादोन सेंटिमीटर सोडून कसे चालेल? जे आपण भोगलेले नाही त्याचे निदान माप तरी बरोबर घ्यावे, एवढेच आपल्या हाती असते.

सौभाग्यवतींना हा सिद्धांत मान्य आहे. कानस घरात आलीच आहे, तर मामांच्या पोटाचेही प्रमाण एकदा तपासून घ्यावे, एवढीच त्यांची उपसूचना आहे.