न मोजलेला रक्तदाब

सातारा

चि. ईशान यास,


परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की एटकॉमच्या तासाला निम्मी मुलं पेंगतात आणि नंतर वहीत लिहायचं आत्मचिंतन सीनियरच्या वहीतून उतरवून काढतात. तूही उतरवलंस. ‘रुग्ण असणं म्हणजे काय’ यावरचं तुझं चिंतन मागच्या बॅचच्या मुलीचं, तिचं तिच्या सीनियरचं. मीही हसले तेव्हा. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र.

आमच्या वेळी असा विषयच नव्हता. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला आणि एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता, संवाद, हे पहिल्या वर्षापासून शिकवायचं ठरलं. आम्ही जे शिकलो ते राऊंडला सरांच्या मागे उभं राहून, आणि त्यात वाईटही भरपूर होतं. एक सर थंडीत पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करायचे. दुसरे म्हाताऱ्या माणसालाही ‘ए सतरा नंबर’ म्हणून हाक मारायचे. वर्ष संपेपर्यंत अर्धी बॅच ‘सतरा नंबर’ म्हणायला लागली होती. तळवे चोळणारे आम्ही दोघं-तिघंच.

पण त्या तळव्यांची फुशारकी मारायला मी बसलेले नाही. १९८३ साली मी इंटर्न होते, प्रसूती वॉर्डात रात्रपाळी. ताज्या बाळंतिणींची नाडी आणि रक्तदाब थोड्या थोड्या वेळानं बघून केसपेपरवर लिहायचं काम माझ्याकडे. सहा बायका होत्या. तिघींचं नीट पाहिलं. मग पाय दुखत होते, आदल्या रात्रीही झोप नव्हती, आणि उरलेल्या तिघी शांत पडल्या होत्या. तिघींच्या कागदावर मी लिहून टाकलं: नाडी ८०, रक्तदाब ११०/७०. किती सहज लिहिलं म्हणून सांगू! हात जरासुद्धा अडखळला नाही.

वीस मिनिटांनी सिस्टरनं पाचव्या कॉटवरची चादर उचलली. खालची गादी भिजली होती. तरुण बाईचं शरीर फसवतं रे. बरंच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो, आधी धावते ती नाडी. मी मनगटावर बोटं ठेवली असती तर मला कळलं असतं. सिस्टरनं गर्भाशय चोळायला घेतलं, मला सलाईन जोडायला लावलं, रेसिडेंटला उठवलं, रक्ताच्या बाटलीसाठी वॉर्डातल्या मामाला पळवलं. बाई वाचली. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये रक्तस्राव हे आजही मोठं कारण आहे, तेव्हा ती त्या यादीत सहज गेली असती.

पहाटे सिस्टरनं तो केसपेपर माझ्यापुढे ठेवला, माझ्या ८० वर बोट टेकवलं आणि चहा आणायला निघून गेली. सकाळच्या राऊंडला मी काहीच बोलले नाही. सिस्टरही बोलली नाही. तुझ्या बाबांनाही हे ठाऊक नाही. चूक झाली याच्यापेक्षा राऊंडला गप्प राहिले याची लाज मला अजून वाटते.

तर तुझी वही. तू म्हणशील, आत्या, कुठे चिंतनाचा निबंध आणि कुठे बाळंतीण! मला तर हात एकच दिसतो. न पाहिलेलं लिहायची सवय त्याला कुठल्या कागदावर लागली, हे रात्री दोन वाजता तो हात विचारत नाही. डॉक्टरकीची शपथ चरकाची घ्यावी की हिपॉक्रेटिसची, यावर २०२२ मध्ये बरीच वादावादी झाली. घ्या हवी त्याची. रात्रपाळीला त्या दोघांपैकी कुणीही येत नाही.

चारित्र्य म्हटलं की तुमच्यासमोर डॉ. कोटणीस ठेवतात. सोलापूरचा मुलगा, १९३८ मध्ये चीनला गेला, १९४२ मध्ये तिथेच वारला. थोरच माणूस. पण मला विचारशील तर मी तुला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांकडे बघायला सांगेन. त्यांच्यातलीच एक, अरुणा शानबाग, १९७३ ते २०१५ अशी जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथे अंथरुणाला खिळून होती. असं माणूस वेळोवेळी कुशीवर वळवावं लागतं, पुसावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा पडतात. तिला त्या पडू दिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही या शुश्रूषेचं कौतुक आहे. इतक्या वर्षांत मूळच्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या. तिला कधी न पाहिलेल्या मुलींनीही ते काम तसंच पुढे चालवलं. एकीनं जरी ‘वळवलं’ असं नुसतं लिहिलं असतं, तरी तिला तक्रार करता येणार नव्हती.

तुला वॉर्डात जायला अजून अवकाश आहे. गेलास की पेशंटला नावानं हाक मार, मोठ्यांना ‘अहो’ म्हण. मावशी-मामांशी नीट वाग. रात्री तेच तुला सांभाळून घेतील. येत नसेल तिथे ‘मला येत नाही, विचारून येतो’ म्हण. पहिल्यांदा जीभ जड होते, मग नाही.

आणि वहीतलं ते पान काढून टाक. मागच्या उन्हाळ्यात अपेंडिक्ससाठी तू स्वतः तीन दिवस कॉटवर होतास, तेव्हा काय वाटलं ते लिही. चार ओळी झाल्या तरी चालतील, मार्क कमी पडले तरी चालतील. माझं पाऱ्याचं बीपीचं मशीन तुझ्यासाठी पुसून ठेवलंय, दिवाळीला आलास की घेऊन जा.

तुझी,
मालूआत्या